सामाईक संसार आणि त्याचें दार

मनुष्याचे बहुतेक सहवास त्यानें निवडलेले नसतात. तो ज्या घरांत जन्मतो तें घर, ज्या आळींत वाढतो ती आळी आणि ज्या जातीच्या पंगतीस बसतो ती जात, यांपैकीं कशाविषयींहि त्याची संमति कोणीं विचारलेली नसते. एकत्र कुटुंबाचा गुणगौरव करणारे आपल्याकडे पुष्कळ झाले व त्याच्या जाचाचीं वर्णनें करणारेहि थोडे झाले नाहींत. परंतु एकत्र कुटुंब हा कोणीं समजून उमजून केलेला करार नव्हे, ही गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य व्हावी. याच्या उलट कांहीं माणसांनीं आपण होऊन एकत्र यावें, एका तत्त्वानें, एका कोठारावर व एका हिशेबावर राहण्याचें ठरवावें, आणि त्यासाठीं नवें गांव वसवावें, अशीं उदाहरणें जगाच्या इतिहासांत वेळोवेळीं घडलेलीं आहेत. अशा वसाहतींचा विषय निघाला कीं कोणी त्यांस भोळ्या लोकांचीं स्वप्नें म्हणून हंसतो, तर कोणी भावी समाजाची प्रभात म्हणून त्यांपुढें हात जोडतो. आम्हांस हे दोन्ही मार्ग सोपे वाटतात. या वसाहतींनीं एक प्रश्न फार स्पष्टपणें सोडविला किंवा बिघडविला आहे. तो प्रश्न असा कीं, जेथें संसार सामाईक करावयाचा, तेथें आंत कोणास घ्यावयाचें? त्याचाच थोडासा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकास जी सोय असते ती इतिहासाच्या अभ्यासकास नसते. एक कारण बदलून व बाकीचीं तशींच ठेवून काय होतें, हें पहिला आपल्या प्रयोगशाळेंत पाहूं शकतो. दुसऱ्यास मात्र जें घडलें तें एकदांच घडलें असें म्हणून स्वस्थ बसावें लागतें. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इंडियाना संस्थानांत, वाबॅश नदीच्या कांठीं, योगायोगानें असा एक प्रयोग घडून आलेला आहे. जमीन तीच, घरें तींच, कारखाने तेच, आणि सामाईक संसाराचें ध्येयहि तेंच. माणसें मात्र एकामागून एक अशीं दोन निराळीं आलीं. पहिली मंडळी तेथें दहा वर्षें राहिली व संपन्न होऊन स्वखुषीनें दुसरीकडे गेली. दुसऱ्या मंडळीस तेथें अडीच वर्षेंहि एकत्र काढतां आलीं नाहींत.

पहिल्या मंडळीचा पुढारी योहान गेऑर्ग रॅप हा जर्मनींतील व्युर्टेंबेर्गचा. त्याचा जन्म सन १७५७ चा, धंदा विणकराचा, आणि वृत्ति कडव्या भाविकाची. सरकारमान्य चर्चपासून तो व त्याचे अनुयायी फुटून निघाले, त्याबद्दल त्यांचा छळ झाला, आणि शेवटीं सन १८०३ मध्यें रॅपनें अमेरिकेची वाट धरली. मागाहून शेंकडों कुटुंबें घरदार विकून त्याच्याकडे गेलीं. सन १८०५ मध्यें पेनसिल्व्हेनियांत त्यांनीं 'हार्मनी सोसायटी' म्हणजे 'एकोप्याची मंडळी' स्थापन केली व आपलें सर्व द्रव्य एका ठिकाणीं केलें. सन १८१४ मध्यें ही मंडळी इंडियानांतील दाट अरण्यांत आली. पहिल्या एकदोन वर्षांत हिंवतापानें त्यांतील पुष्कळ माणसें मेलीं. तरी दहा वर्षांत त्यांनीं सुमारें वीस हजार एकर जमीन मिळविली, गिरण्या उभारल्या, लोंकरीचें कापड विणलें, मद्य गाळलें, आणि आपला माल नद्यांवरून दूर न्यू ऑर्लीन्सपर्यंत पोंचविला. रॅपचा दत्तक पुत्र फ्रेडरिक हा व्यापाराचा कारभार पाहत असे, व त्याच्या चोखपणाविषयीं कोणाची तक्रार नसे.

या मंडळींत शिरण्याचें दार किती अरुंद होतें हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. त्या दारावर चढविलेला नियमांचा अडसर ही लहान गोष्ट होती. खरा उंबरठा म्हणजे चर्चचा त्याग, सरकारचा रोष, जन्मभूमीचा वियोग आणि अटलांटिक महासागर. इतकें ओलांडून जो आला त्याची परीक्षा आणखी घेण्याची जरुरी कोठें उरली? तरीहि तेथें सामाईकपणा एकदम पुरा झाला नाहीं. सुरुवातीच्या करारांत असें कलम होतें कीं, जो मंडळी सोडून जाईल त्यास त्यानें आणलेलें द्रव्य बिनव्याजी परत मिळावें. आणि कोणीं किती आणलें याची एक वही ठेविलेली होती. सन १८१८ मध्यें रॅपनें ती वही जाळून टाकली. मागची वाटच पुसून टाकण्याचा हा प्रकार होता. त्यापूर्वीं, सन १८०७ पासून, मंडळीनें ब्रह्मचर्याचें व्रत घेतलेलें होतें व पतिपत्नीहि भावाबहिणींप्रमाणें राहूं लागलीं होतीं. अशा रीतीनें येणें कठीण आणि जाणें त्याहून कठीण अशी जी वसाहत, तिच्यांत आळसास व भांडणास थारा कमी मिळावा यांत नवल नाहीं. पण मोलहि तसेंच द्यावें लागलें. गुरूचा शब्द हाच कायदा, आणि मुलांचा आवाज नाहीं असें तें गांव होतें. पुढें पेनसिल्व्हेनियांत परत गेल्यावर, सन १८३२ मध्यें, जवळजवळ तिसरा हिस्सा लोक एका नव्या गुरूच्या मागें लागून फुटले. रॅप सन १८४७ मध्यें वारला. आणि उरलेली मंडळी म्हातारी होत होत, संपत्ति वाढत व माणसें घटत, सन १९०५ मध्यें विसर्जित झाली.

रॅपनें इंडियानांतील गांव विकावयास काढलें तेव्हां तें घेणारा गृहस्थ त्याच्याहून सर्वस्वीं निराळा होता. रॉबर्ट ओवेन याचा जन्म सन १७७१ मध्यें वेल्समधील न्यूटाउन येथें झाला. स्वतःच्या कर्तबगारीनें तो कापडगिरण्यांचा मालक झाला व सन १८०० पासून स्कॉटलंडांतील न्यू लॅनार्क येथील गिरण्यांचा कारभार त्याच्या हातीं आला. तेथें त्यानें दहा वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याचें बंद केलें, कामाचे तास कमी केले, चांगला माल माफक दरानें देणारें दुकान काढलें, आणि सन १८१६ मध्यें अगदीं लहान मुलांसाठीं शाळा उघडली. एवढें करूनहि गिरण्या नफ्यांत चालत. युरोपांतील राजेरजवाड्यांपासून विचारवंतांपर्यंत अनेक लोक तें गांव पाहण्यास येत. या अनुभवावरून ओवेननें एक सिद्धांत बांधला होता. मनुष्याचा स्वभाव तो स्वतः घडवीत नसून परिस्थिति घडविते. म्हणून परिस्थिति बदला, माणूस आपोआप बदलेल.

सिद्धांत उदार होता, व त्यांत सत्याचा अंशहि मोठा होता. पण त्यांतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघाला, आणि आमच्या मतें पुढील सर्व अनर्थाचें बीज त्यांतच होतें. माणूस परिस्थितीनें घडतो हें खरें असेल तर माणसें पारखून घेण्याचें कारणच काय? कोणीहि यावें, चांगल्या गांवांत राहिला कीं तो चांगला होईल. न्यू लॅनार्कच्या यशाकडे ओवेन अशाच दृष्टीनें पाहत होता. परंतु तेथील परिस्थितींत दोन गोष्टी अशा होत्या कीं ज्या त्याच्या नजरेंतून निसटल्या: एक, आठवड्याचें वेतन, आणि दुसरी, खुद्द मालक. त्या गिरण्यांत प्रत्येक कामगाराजवळ चार रंगांच्या बाजूंचा एक लहान लांकडी ठोकळा टांगलेला असे, व आदल्या दिवशींच्या वर्तनाप्रमाणें काळी, निळी, पिवळी किंवा पांढरी बाजू समोर ठेवीत. ओवेन कोणास शिक्षा करीत नसे हें खरें, पण तो ठोकळा फिरविण्याचा अधिकार कामगाराच्या हातीं नव्हता. मालकीच्या गांवांत जें साधलें तें समानतेच्या गांवांत साधेल, असें त्यानें गृहीत धरलें.

सन १८२५ च्या जानेवारींत सौदा पुरा झाला. सुमारें १८० इमारती व सगळी जमीन ओवेनच्या ताब्यांत आली, आणि गांवाचें नांव 'न्यू हार्मनी' ठेवण्यांत आलें. फेब्रुवारी व मार्च महिन्यांत वॉशिंग्टन येथें अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेच्या दालनांत त्याचीं दोन व्याख्यानें झालीं व मावळते आणि नवे असे दोन्ही अध्यक्ष श्रोत्यांत होते. सर्वांस खुलें निमंत्रण गेलें. थोड्याच महिन्यांत आठशेंहून अधिक माणसें गांवांत येऊन दाखल झालीं. त्यांत खरे ध्येयवादी होते, विद्वान होते, कारागीर होते. आणि फुकट घर व दुकानांत उधारी मिळते एवढेंच ऐकून आलेलेहि होते. ओवेनचा मुलगा रॉबर्ट डेल ओवेन यानें पुढें आपल्या आठवणींत या सरमिसळ जमावाचें वर्णन मुलाहिजा न ठेवतां केलेलें आहे. हें दार 'सर्वांस' उघडें असलें तरी सर्व शब्दाची एक मर्यादा कागदावरच लिहिलेली होती: कृष्णवर्णी माणसांस सभासदत्व नव्हतें. परिस्थितीनें माणूस घडतो असें म्हणणाऱ्याच्या घटनेंत हें कलम असावें, याची नोंद केल्याशिवाय पुढें जाणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. रॅपच्या लोकांनीं मागें ठेवलेले कारखाने उभे होते, पण ते चालविणारे हात नव्हते. कित्येक धंदे कुशल माणसांअभावीं बंद पडले. ओवेन स्वतः जूनमध्यें निघून गेला तो पुढील वर्षाच्या जानेवारींत परत आला. कोणीं किती काम केलें याचे हिशेब दुकानाच्या वहींत मांडीत, व त्या वहीवरून रोज वाद होत. स्त्रियांस समान हक्क दिल्याचें जाहीर झालें. परंतु मंडळीचें काम त्यांच्या वांट्यास नव्यानें आलें आणि घरची चूल व केरसुणी जुनीच राहिली. सन १८२६ च्या फेब्रुवारींत 'समानतेची वसाहत' या नांवानें नवी घटना झाली व ती अंमलांत येते न येते तोंच मंडळींतून पोटमंडळ्या फुटूं लागल्या. घटनेवर घटना झाल्या. प्रत्येक भांडणाच्या मुळाशीं घटनेंतील कांहीं तरी दोष आहे असें समजून ती पुन्हां लिहिण्यांत येई. सन १८२७ च्या उन्हाळ्यांत ओवेन गांव सोडून गेला तेव्हां त्याच्या संपत्तीचा मोठा भाग त्यांत बुडालेला होता.

या दोन कथांवरून बहुतेक ग्रंथकार असा निष्कर्ष काढतात कीं, धर्मश्रद्धा माणसांस एकत्र बांधते आणि बुद्धिवाद त्यांस पांगवितो. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. सन १९१० मध्यें गालिली सरोवराच्या कांठीं दहा पुरुष व दोन स्त्रिया यांनीं डेगानिया ही वसाहत घातली, व तिच्या धर्तीवर पुढें ज्या शेंकडों वसाहती झाल्या त्यांस किब्बुत्झ म्हणतात. त्यांतील बहुतेकांचा धर्माचाराशीं संबंध नव्हता. तरी भोजनगृह, कोठार, शेत व मुलांचें संगोपन हें सर्व सामाईक ठेवून त्यांनीं दोन तीन पिढ्या काढल्या. येथेंहि दाराकडे पाहावें. नव्या माणसास उमेदवारीचा काळ काढावा लागे, आणि मग सर्व सभासदांच्या मतानें त्याचा निर्णय होई. शेजारच्या अरब शेतकऱ्यास मात्र तें दार बंदच होतें. अरुंद दाराचा हा अन्यायहि त्याच इतिहासाचा भाग आहे. पुढें सुबत्ता आली, नव्या पिढीस निराळ्या आवडी उत्पन्न झाल्या, आणि सन २००७ मध्यें खुद्द डेगानियानें कामाप्रमाणें कमीअधिक वेतनाचा मार्ग पत्करला. म्हणजे दार पूर्वींच्या बेताचेंच, पण आंतील सामाईकपणा कमी. श्रद्धेचा वाटा नाकारण्याचें कारण नाहीं. पण श्रद्धेनें जें काम केलें तें मुख्यतः दाराचें काम होतें. जो येतो त्यानें येण्यापूर्वींच कांहीं तरी मोठें सोडलेलें आहे, याची खात्री तिनें दिली.

या सर्वांवरून आम्हांस एक साधा नियम दिसतो. जेवढें अधिक सामाईक करावयाचें, तेवढें दार अरुंद असावें लागतें. आणि जेवढें दार रुंद ठेवावयाचें, तेवढें थोडेंच सामाईक करतां येतें. ज्याच्याशीं फक्त रस्ता सामाईक आहे त्याची चौकशी आपण करीत नाहीं. ज्याच्याशीं तिजोरी सामाईक आहे त्याची केल्यावांचून राहत नाहीं. रॅपनें सर्व कांहीं सामाईक केलें व दार चिंचोळें ठेवलें. तो टिकला, पण गुदमरून टिकला. ओवेननें सर्व कांहीं सामाईक केलें व दार सताड उघडलें; तो बुडाला.

हा दुसरा धडा ज्यांनीं कृतीनें गिरविला ते लोक इंग्लंडांतील रॉचडेल गांवचे विणकर व इतर कारागीर. त्यांत ओवेनचे अनुयायीहि होते. स्वतंत्र वसाहत स्थापन करण्याचा उद्देश त्यांच्याहि नियमांत लिहिलेला होता. पण त्यांनीं आरंभ वसाहतीनें केला नाहीं, किराणा मालाच्या दुकानानें केला. अठ्ठावीस सभासद, अठ्ठावीस पौंड भांडवल, टोड लेन या गल्लींतील एक भाड्याची जागा, आणि ता. २१ डिसेंबर १८४४ रोजीं पीठ, लोणी, साखर असा चार जिनसांचा व्यापार सुरू झाला. दार सर्वांस खुलें, एका सभासदास एकच मत, आणि खरेदीच्या प्रमाणांत नफ्याची वांटणी. सभासदापासून दुकानाची अपेक्षा काय? रोख पैसे देऊन आपला बाजार येथून न्यावा, एवढीच. त्याचा धर्म, त्याची चूल, त्याचें घर यांत दुकान डोकावत नव्हतें. ज्या सामाईकपणानें न्यू हार्मनीचा भार पेलला नाहीं, तोच थोडा करून घेतल्याबरोबर हजारों गांवांनीं पेलला.

न्यू हार्मनी अगदींच निष्फळ ठरली असें मात्र कोणीं समजूं नये. विल्यम मॅक्लुअर व टॉमस से यांसारखे शास्त्रज्ञ, शिक्षक व चित्रकार सन १८२६ च्या जानेवारींत एका नांवेंतून तेथें आले, ते वसाहत मोडल्यावरहि कांहीं वर्षें तेथें राहिले. ओवेनचा एक मुलगा डेव्हिड डेल हा नामांकित भूस्तरशास्त्रज्ञ झाला; रॉबर्ट डेल यानें अमेरिकेच्या विधिमंडळांत जाऊन सन १८४६ मध्यें स्मिथसोनियन संस्थेच्या स्थापनेच्या कायद्यास हातभार लावला. मॅक्लुअरनें सन १८३८ मध्यें कामकरी लोकांसाठीं काढलेलें वाचनालय आजहि त्या गांवांत चालू आहे. एकत्र संसार मोडला. शाळा, पुस्तकें व संशोधन, म्हणजे ज्यांस दार लागत नाहीं अशा गोष्टी, तेवढ्या मागें राहिल्या.

रॉचडेलच्या तत्त्वांचा आमच्या महाराष्ट्राशीं असलेला संबंध वाचकांस नव्यानें सांगण्याची आवश्यकता नाहीं. हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा सन १९०४ मध्यें झाला, सन १९१२ मध्यें त्याची व्याप्ति इतर सहकारी संस्थांपर्यंत वाढली, आणि सन १९५० मध्यें प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना सुरू झाला. पण आमच्या विषयाशीं अधिक जवळचें उदाहरण मुंबईंत आहे. सन १९१५ मध्यें श्रीपाद सुब्बराव तल्माकी यांच्या पुढाकारानें गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली; आशिया खंडांतील अशा प्रकारची पहिली संस्था असें तिचें वर्णन केलें जातें. परक्या शहरांत बेताच्या मिळकतीवर बिऱ्हाड करणाऱ्या मंडळींनीं ओळखीच्या माणसांवर भरंवसा टाकून एकत्र घर बांधावें, हें त्या काळीं स्वाभाविक होतें. कारण परस्परांवरील विश्वास एवढेंच त्यांचें भांडवल होतें. आज आमच्या शहरांतील मध्यमवर्गाचा मोठा भाग अशा संस्थांतच राहतो, आणि 'सोसायटी' हा शब्द मराठी घरांत इतका रुळला आहे कीं, त्याचा मूळ अर्थ 'सहवास' असा आहे याची आठवणहि कोणास होत नाहीं.

आतां वरील नियम या सोसायट्यांस लावून पाहावा. त्यांत सामाईक काय असतें? जिना, गच्ची, पाण्याची टांकी, पहारेकऱ्याचा पगार आणि वार्षिक सभेंतील वादविवाद. तिजोरी सामाईक नाहीं, चूल सामाईक नाहीं, मुलांचें संगोपन सामाईक नाहीं. रॉचडेलच्या दुकानाइतकाच, फार तर त्याहून किंचित् अधिक, हा सामाईकपणा. मग दारहि रॉचडेलसारखेंच असावें. प्रत्यक्षांत काय आढळतें? घर विकत किंवा भाड्यानें घेऊं पाहणाऱ्यास आडनांव विचारतात, काय खातां तें विचारतात, धर्म तर न विचारतांच ताडतात, आणि सभ्य भाषेंत 'जागा दिली गेली' असें सांगतात. अहमदाबाद येथील पारशी गृहसंस्थेच्या खटल्यांत सन २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सभासदत्व एका समाजापुरतें मर्यादित ठेवणारा पोटनियम कायदेशीर ठरविला. कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे व तो आम्ही शिरसावंद्य मानतों. पण कायद्यानें ज्यास मुभा आहे तें सर्व योग्य असतेंच असें नाहीं, हें इतिहासाच्या अभ्यासकानें सांगावयास हरकत नसावी.

रॅपच्या अरुंद दाराचें एक समर्थन तरी करतां येत होतें. आंत आलेल्यास तो सर्व कांहीं देत होता: अन्न, वस्त्र, आजारपणांत शुश्रूषा, म्हातारपणीं आधार. ज्या दारानें आंतल्यास कांहींच विशेष मिळत नाहीं व बाहेरच्यास मात्र अपमान मिळतो, त्या दारास सहकार्याचें नांव कोणत्या अर्थानें द्यावयाचें? न्यू हार्मनीच्या घटनेंतील त्या एका कलमापेक्षां याची योग्यता अधिक आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. उलट ओवेनच्या बाजूनें एवढें तरी सांगतां येईल कीं, त्यानें आपलें सर्वस्व त्या गांवांत ओतलें होतें.

कोणी तरुण मंडळी आजहि शहर सोडून एकत्र शेती करावी, एका स्वयंपाकघरांत जेवावें, मुलें सामाईक वाढवावींत असे बेत करीत असतात. त्यांस आम्ही नाउमेद करूं इच्छीत नाहीं. त्यांनीं घटना लिहिण्यापूर्वीं दोन याद्या कराव्या: आपण नक्की काय काय सामाईक करणार याची एक, आणि त्यासाठीं येणाऱ्यानें काय करून दाखवावें याची दुसरी. दुसऱ्या यादींत त्याच्या श्रमास, सचोटीस व सहनशीलतेस जागा असावी. त्याच्या जन्मास नसावी. आणि सोडून जाणाऱ्यास काय परत द्यावयाचें तें पहिल्याच दिवशीं लिहून ठेवावें, व ती वही कोणासहि जाळूं देऊं नये. ज्यांचा असा कांहीं बेत नाहीं, जे आमच्याप्रमाणें सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहून पाण्याच्या वेळेची वाट पाहतात, त्यांस पहिली यादी नव्यानें करण्याचें कारण नाहीं. ती त्यांच्या पोटनियमांत छापलेली आहे. दुसरी यादी मात्र कोणीं लिहिलेली नसते. ती पुढच्या सभेंत मोठ्यानें वाचून दाखवावी अशी सूचना कोणीं आणली, तर ती वाचण्यास किती सभासद तयार होतील?